सकाळी दहाला समुद्र जातो

“आज काय बघायचंय?” मुलीनं मच्छरदाणीच्या आतूनच विचारलं. झांझिबारच्या किनाऱ्यावरच्या जंबियानी गावातली ती आमची पहिली सकाळ होती. सुरूच्या झाडांतून वारा घोंगावत होता, झापांच्या छपरात पाल चुकचुकत होती आणि मी कितीतरी महिन्यांनी गजराशिवाय जागी झाले होते. “आज काहीच नाही बघायचं,” मी म्हटलं. तिला आपण काहीतरी मोलाचं देतोय असंच मला वाटत होतं. ती उठून बसली, माझ्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. हट्टाचं रडू मला लांबून ओळखता येतं. हे तसलं नव्हतं. डोळे भरून आले आणि तिनं अगदी समजूतदार आवाजात विचारलं, “मग आपण इथे का आलो?”

मी काहीतरी बोलले. समुद्र आहे, वाळू आहे, खेळ, पोह, लोळ. तिनं मान डोलावली, डोळे पुसले आणि ती भावाला उठवायला गेली. प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला. नऊ वर्षांच्या मुलीला मोकळा दिवस भीतीचा वाटावा, असं आम्ही तिला या प्रवासात काय शिकवलं होतं? इस्तंबूलला हागिया सोफियाच्या घुमटाखाली मान मोडेस्तोवर वर बघत उभी राहिलेली ती. लुक्सोरला कर्नाकच्या मंदिरातल्या दालनात १३४ खांब आहेत हे कळल्यावर, ‘मी मोजूनच बघते’ म्हणून एकेका खांबाला हात लावत निघालेली आणि उन्हानं लाल होऊन परत आलेली ती. न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवराच्या कड्यावर, सहाशे मीटर खाली पसरलेल्या त्या अवाढव्य परातीकडे बघून गप्प झालेली ती. हे सगळं तिनं मनापासून बघितलं होतं. रोज संध्याकाळी ती वहीत लिहायची: ठिकाणाचं नाव, तारीख, खाली एक चित्र. एक पान, एक दिवस. त्या वहीच्या हिशेबानं ‘आज काहीच नाही’ याचा अर्थ कोरं पान. आणि आई हसत हसत कोरं पान हातात देतेय, हे तिला कळेना.

मोठ्यांचं वेगळं नव्हतं. लांबच्या प्रवासात पाय दुखतात, पाठ धरते, पण त्यानं माणूस मोडत नाही. मोडतो तो ठरवून ठरवून. आज कुठे झोपायचं, हे पाणी पिण्याजोगं आहे का, इथून बस धरायची की तिथून, पैसे आत्ता बदलायचे की पुढच्या गावी, धाकट्याचा ताप साधा आहे की दवाखाना शोधायचा, कपडे धुतले तर उद्यापर्यंत वाळतील का. घरी असताना यातल्या निम्म्या गोष्टी भिंती आणि सवयी परस्पर ठरवून टाकतात. वाटेवर प्रत्येक गोष्ट रोज नव्यानं डोक्यातून जाते. दार एस सलामच्या धक्क्यावर नवरा आणि मी बोटीत उजवीकडे बसायचं की डावीकडे यावरून इतके कडाडून भांडलो, की रांगेतल्या एका आजोबांनी उठून मुलांना आपल्या बाकावर जागा दिली. पुढच्या दोन तासांच्या पाण्यावरच्या प्रवासात आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. बोट झांझिबारला लागल्यावर तो एवढंच म्हणाला, “आता कुठेतरी थांबू या.” तिथला जुना शहरभाग, स्टोन टाउन, २००० सालापासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथले पितळी खिळ्यांचे कोरीव दरवाजे बघायला लोक समुद्र ओलांडून येतात. आम्ही सामानासकट सरळ बेटाच्या दुसऱ्या अंगाला निघालो. मुलगी गाडीच्या काचेला नाक लावून एकेक दरवाजा मागे जाताना बघत होती.

आणि मग, दहाच्या सुमाराला, समुद्र निघून गेला.

ओहोटी आम्ही पाहिली नव्हती असं नाही. पण इथे पाणी मागे सरकत नाही, ते गाव सोडतं. उंगुजाच्या, म्हणजे झांझिबारच्या मुख्य बेटाच्या, या पूर्व किनाऱ्याला, किलोमीटरभर किंवा त्याहूनही आत, प्रवाळाचा बांध आहे. लाटा तिथेच फुटतात. किनाऱ्यावरून दिसते ती फक्त एक पांढरी रेघ, आणि सतत येत राहणारी तिची गाज. बांधाच्या अलीकडे उथळ पाणी. ओहोटी लागली की तेही ओसरत जातं आणि सकाळी निळ्या पाण्यावर डुलणाऱ्या न्गालावा तासाभरात वाळूवर कुशीला कलंडलेल्या दिसतात. उलांडीच्या, म्हणजे तोल सांभाळायला बाजूला लाकूड बांधलेल्या, होड्याच त्या, फक्त दोन्ही बाजूंना उलांडी असलेल्या. एका आंब्याच्या खोडातून कोरलेल्या, एका शिडाच्या. आणि मग दिसायला लागतं ते सगळं, जे एरवी पाण्याखाली असतं. समुद्री गवताचे हिरवे पट्टे, मध्येच कोमट पाण्याची डबकी, डबक्यात लांब काट्यांच्या काळ्या समुद्री साळू, पाच हातांचे तारे, चिखलात पडून राहिलेल्या जाडजूड सागरी काकड्या. ओल्या वाळूवर पाण्यानं काढलेल्या वळ्या तळव्याला टोचतात. वास खारट, थोडा आंबूस, उन्हाबरोबर वाढत जाणारा. मुलं आधी काठावर उभी राहिली. मग धाकटा निघाला, त्याच्या मागे ती, आणि आम्ही दोघं त्यांच्या चपला घेऊन. बराच वेळ चालूनही पाणी गुडघ्यावर आलं नाही. मागे वळून पाहिलं तर माड बोटाएवढे दिसत होते.

माझे आजोबा तिथीवरून भरती सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर तीनला. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमाराला. बोटांवर हिशेब करून ते असे छातीठोक सांगायचे, की लहानपणी मला वाटायचं समुद्र त्यांना विचारून येतो. जंबियानीत पहिल्या आठवड्यात मी तो हिशेब लावून पाहिला आणि माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक किनाऱ्याचा चंद्राशी स्वतंत्र करार असतो. इथे पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती चारच्या सुमाराला येते, आणि समुद्र सगळ्यात लांब जातो तो सकाळी दहाच्या आसपास. पुढे रोज पाऊण-एक तासानं उशीर. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांत दोन पुरुष उंचीचा फरक पडतो. अष्टमीला, भांगाच्या दिवसांत, समुद्र फार लांब जातही नाही आणि फार जवळ येतही नाही. आजोबांचं पाऊणपटीचं गणित इथेही चालतं, फक्त बाराऐवजी चारपासून मोजायला लागतं. हे जमलं त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो कर्नाकच्या खांबांनी झाला नव्हता.

इथल्या लोकांचं घड्याळसुद्धा सूर्योदयापासून सुरू होतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले दहा म्हणजे त्यांचे चार. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, सहा अंश दक्षिणेला, दिवस-रात्रीची लांबी वर्षभर जवळपास सारखीच असते, त्यामुळे उजाडण्यापासून वेळ मोजणं बारा महिने जुळतं. दिवस उगवला, आता एक तास झाला, आता दोन. मला हे घड्याळ फार आवडलं. मध्यरात्रीपासून वेळ मोजणारं आपलं घड्याळ, आपण झोपेत असतानाच सहा-सात तास खर्ची टाकून बसलेलं असतं. इथे उठलं की दिवसाचं खातं शून्यावर असतं.

तर असे आमचे दिवस भरतीच्या हवाली झाले. उधाणाच्या दिवसांत सकाळी पाणी नसायचं, मग चालणं, डबक्यांतून फिरणं, आणि पोहणं दुपारी चारला, पाणी थेट सुरूच्या मुळांशी येऊन आदळायचं तेव्हा. भांगाच्या दिवसांत उलट, सकाळी दहाला भरती. मग आधी पोहणं आणि दुपारी झोप. अभ्यास कधी, कपडे कधी, जेवण कधी, हे कुणी ठरवेना आणि तरी सगळं होत गेलं. आठवड्याभरात नवरा आणि मी पुन्हा नीट बोलायला लागलो. कशावरून भांडायचं तेच उरलं नव्हतं. समुद्राशी वाद घालता येत नाही. मला वाटतं, विश्रांती म्हणून आम्ही जे शोधत होतो ते हेच असावं. रिकामा वेळ आम्हाला हवा नव्हता. रिकाम्या वेळेत तर आम्ही दोघंही फोन काढून पुढच्या देशाचे नियम वाचत बसतो. हवा होता तो आपल्याला न विचारता आकार घेणारा दिवस. आणि मुलीच्या त्या पहिल्या सकाळच्या रडण्याचं मूळ मला इथे थोडंसं सापडलं. तिलाही मोकळीक नको होती, तिला दिवसाला धरायला काहीतरी हवं होतं. आम्ही तिला इतके महिने ठिकाणं धरायला दिली होती.

तिनं बिबी धरली.

आम्ही राहत होतो त्या घराच्या मागच्या वाडीत एक आजी होत्या. इथे आजीला बिबीच म्हणतात, म्हणून आम्हा सगळ्यांच्याच त्या बिबी. उधाणाच्या सकाळी नऊच्या सुमाराला त्या कांग्याचा, इथल्या रंगीत छापील कापडाचा, पदर डोक्यावरून घट्ट आवळत, पायांत जुने बूट, खांद्यावर रिकामी पोती आणि दोऱ्या अशा निघायच्या. वाटेत आणखी बायका मिळायच्या. ओसरणाऱ्या पाण्याच्या मागोमाग त्यांची रांग आत आत जायची आणि लांब, पांढऱ्या रेघेच्या अलीकडे, रंगीत ठिपके होऊन वाकायची. तिथे त्यांची शेतं आहेत. वाळूत खुंट्यांच्या ओळी ठोकलेल्या, खुंटीपासून खुंटीपर्यंत ताणलेली दोरी, आणि दोरीला सुतळीच्या छोट्या गाठींनी बांधलेले समुद्री शेवाळाचे तुरे. त्याला म्वानी म्हणतात. या शेतीची सुरुवात १९८९ मध्ये इथेच झाली, जंबियानी आणि शेजारच्या पाजे गावात. बेणं आलं होतं फिलिपिन्सहून. करणाऱ्या बहुतेक बायकाच. मूठभर तुरा बांधला की साधारण पंचेचाळीस दिवसांत तो कापणीला येतो, म्हणजे पौर्णिमेच्या उधाणाला बांधलेलं, दोन उधाणं सोडून, तिसऱ्या उधाणाला, अमावास्येला तयार. कापलेलं शेवाळ पोत्यात भरायचं, पाणी परतायच्या आत ते ओलं जड पोतं किनाऱ्याला आणायचं, दोन-तीन दिवस उन्हात वाळवायचं आणि वजनावर विकायचं. वाळल्यावर इतक्या मोठ्या पोत्याचं जे काही उरतं ते बघून माझा जीव गलबलला.

मुलगी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्यांच्याबरोबर जायला लागली. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती. बिबीचा नातू शाळेतून शिकलेलं इंग्रजी थोडं जोडायचा, तो मदरशात गेलेला असला की तेही नाही. तिनं सगळ्यात आधी शिकलं ते मोठ्या माणसाला करायचं अभिवादन, ‘शिकामू’. त्यावर मोठ्यांनी ‘मरहबा’ म्हणायचं. वाटेतल्या प्रत्येक बाईला ती शिकामू म्हणत चालायची आणि प्रत्येक बाई काम थांबवून मरहबा म्हणायची. मग ती तुरा बांधायला शिकली. गाठ फार आवळली तर देठ तुटतो, सैल राहिली तर लाट तुरा घेऊन जाते. बिबी तिच्या गाठी ओढून बघायच्या, दहातल्या सहा सोडून पुन्हा बांधायला लावायच्या. ती एरवी तिसऱ्यांदा सांगितलेलं ऐकत नाही. इथे पाण्यात उकिडवी बसून, नाकावर मीठ वाळलेलं, मुकाट्यानं पुन्हा बांधायची. वहीत त्या दिवसांची पानं आहेत. ठिकाणाच्या जागी तिनं रोज ‘जंबियानी’ लिहिलंय आणि खाली दोरीचं चित्र. दोरीवरचे तुरे दर पानावर थोडे वाढलेले.

एका दुपारी बिबी अंगणात वाळत घातलेलं शेवाळ परतत होत्या आणि मी काठाला बसले होते. त्यांनी नातवाकडून विचारलं, तुमचं काम काय? मी म्हटलं, सध्या आम्ही फिरतोय, जग बघतोय. नातवानं ते सांगितलं. त्या बराच वेळ शेवाळ परतत राहिल्या. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला आणि नातू तो सांगताना थोडा लाजला. “त्या विचारतायत, दमत नाही का?” त्यात टोमणा नव्हता. खरोखरची काळजी होती, एका बाईला दुसरीबद्दल वाटते तशी. मी “दमतो, म्हणूनच इथे थांबलोय” असं म्हणाले आणि म्हणतानाच मला त्यांचे पाय दिसले, खाऱ्या पाण्यानं भेगाळलेले, एका अंगठ्याजवळ साळूचा काटा मोडून काळा पडलेला ठिपका. त्यांचे गुडघे दुखतात, पाण्यावरून उलटून येणाऱ्या उन्हानं डोळे चुरचुरतात, हे त्या नातवाला सहज सांगत होत्या. आम्ही थांबायला आलो ती जागा त्यांच्या कामाची आहे. सकाळी आमचा समुद्र जातो तेव्हा त्यांचा दिवस उघडतो, आणि दुपारी आमचा समुद्र येतो तेव्हा त्यांचं शेत बुडतं. एकाच भरतीत आम्ही दोघी असतो, पण ती माझ्यासाठी सुख घेऊन येते आणि त्यांना घाई करायला लावते. हा विचार मला तिथे असेपर्यंत सोडून गेला नाही. त्याचं उत्तर म्हणून मी काही केलं असंही नाही. पोतं उचलू लागले, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, कारण माझ्या चालीनं पाणी आधी पोचलं असतं.

या वाळलेल्या शेवाळातून जे काढतात ते दंतमंजनाच्या पेस्टमध्ये जातं, आइस्क्रीममध्ये जातं, क्रीममध्ये जातं. पदार्थ घट्ट धरून ठेवायचं काम ते करतं. म्हणजे या प्रवासात आम्ही कुठल्याही देशात सकाळी उठून पहिली गोष्ट तोंडात घालतो, तिच्यात कदाचित याच डबक्यांमधला एखादा तुरा असतो. मुलीला हे सांगितल्यावर ती पेस्टची ट्यूब घेऊन बिबीकडे धावत गेली होती. बिबींनी ट्यूब उलटसुलट बघितली, वास घेतला आणि परत दिली. त्यांना त्यात विशेष वाटलं नाही. त्यांना वाटणारी गोष्ट वेगळी होती: शेवाळाची जी जात जास्त भावाला जाते ती आताशा जगत नाही. पाणी तापतं, देठ पांढरे पडतात, तुरा गळून जातो. म्हणून बायका कमी भावाची, चिवट जात लावतात. फ्लॉवर म्सुया या संशोधक बाईंनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. शेवाळ खोल, थंड पाण्यात जाळीच्या लांब नळ्यांमध्ये वाढवायची पद्धत त्यांनी इथल्या बायकांपर्यंत नेली. पण खोल पाण्यात जायला होडी लागते आणि पोहता यावं लागतं, आणि जन्मभर समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात काम केलेल्या यातल्या कितीतरी बायकांना पोहता येत नाही. बिबींनाही येत नाही. चारच्या भरतीला माझी मुलगी पाण्यात सूर मारायची तेव्हा त्या काठावर उभ्या राहून बघायच्या, आणि ती वर येईपर्यंत त्यांचा हात छातीवर असायचा.

जून-जुलैत इथे कुसी वाहतो, आग्नेयेकडून येणारा, थेट समुद्रावरचा वारा. त्यानं हवा आल्हाददायक राहते, मुलांचे केस कायम चिकट राहतात आणि पाजेकडचं आकाश रंगीत पतंगांनी भरतं. दोऱ्यांना लोंबकळून फळ्यांवरून पाणी कापत जाणारी माणसं आणि त्यांच्या खालीच, पाणी उतरायच्या वाटेवर असताना, खुंट्यांच्या ओळी. दोघांना तीच उथळ जागा हवी असते. मी पतंगवाल्यांकडे रागानं बघू लागले होते, मग नवऱ्यानं शांतपणे विचारलं, “आपणही त्याच जागेत पोहतो ना?” तेव्हापासून आम्ही खुंट्यांच्या पलीकडून वळसा घालून पाण्यात उतरायला लागलो. बरंच चालावं लागायचं.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट होती, जी मला कुणी दाखवली नाही, आपोआप दिसली. ओहोटीच्या चिखलात दगडांचे गोल ढीग. प्रत्येक ढिगाखाली नारळाची सोडणं पुरलेली. महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात कुजू द्यायची, मग काढून ठोकायची आणि काथ्या वळायचा. ढीग कुणाचा ते ज्याचं त्याला ठाऊक. वर नाव नाही, कुंपण नाही, दिवसातून दोनदा समुद्र येऊन सगळं झाकून जातो. एक बाई लाकडी दांडक्यानं सोडणं ठोकत बसलेली असायची, तो ठक ठक आवाज दुपारच्या झोपेत मिसळून जायचा. इतक्या लांब मुदतीचं काम मी या सगळ्या प्रवासात पाहिलं नव्हतं. आमची सगळ्यात लांबची मुदत पुढच्या तिकिटापर्यंतची असते.

जुलैत जवळच्याच मकुंदुचीला म्वाका कोग्वा होतो, शिराझी नववर्षाचा सण. पुरुष केळीचे सोपट घेऊन एकमेकांना बदडतात, वर्षभराची भांडणं त्यात काढून टाकतात, बायका नवे कांगे नेसून गात येतात. इतक्या जवळ असून न जाणं मला शक्यच वाटेना. असा सण आयुष्यात पुन्हा कधी दिसणार? मी उत्साहानं मुलीला सांगितलं. तिनं विचारलं, “त्या दिवशी ओहोटी किती वाजता?” उधाण होतं. काही वाडीतल्या बायका सणाला जाणार होत्या, बिबी मात्र जाणार नव्हत्या, त्यांच्या दोऱ्या साफ करायच्या राहिल्या होत्या. “मग मी नाही येत,” ती म्हणाली. शेवटी नवरा आणि धाकटा गेले, आणि मी तिच्यासाठी राहिले. ते दोघं संध्याकाळी धुळीनं माखून, घसा बसेपर्यंत ओरडून आले. धाकट्यानं हातवारे करून करून सगळी मारामारी दाखवली. मला हेवा वाटला. आजही वाटतो. पाण्यात वाकून दोऱ्यांवरचं भलतं गवत उपटत असताना माझं निम्मं लक्ष मकुंदुचीच्या दिशेनं होतं, ढोल ऐकू येतात का म्हणून. पहिल्या सकाळी ‘आज काहीच नाही बघायचं’ असं तिला आनंदानं सांगणारी मी, आणि आज बघण्यासारखं सोडून दोरीपाशी राहणारी ती. जागा कधी बदलल्या ते मला कळलं नाही.

नवऱ्यानं मग एका रात्री नकाशा काढलाच. पूर्व किनाऱ्याला समुद्रात सूर्य बुडत नाही, पण चंद्र समुद्रातून वर येतो. त्या उजेडात पडवीत बसून आम्ही बोटानं वाट आखत होतो. इथून दार एस सलाम, तिथून बसनं दक्षिणेला आणि पुढचा मोठा मुक्काम मलावी सरोवर. मुलगी येऊन मांडीला खेटून बसली. “तिथे भरती किती वाजता?” तिनं विचारलं. सरोवराला जाणवण्याजोगी भरती-ओहोटी नसते, तो म्हणाला. ती एकदम सावध झाली. “मग तिथले लोक कामाला कधी जातात?” त्यानं त्याबद्दल वाचलेलं होतं. तिथे उसिपा नावाचे छोटे मासे रात्री दिवे लावून पकडतात. दिव्याला भुलून मासे वर येतात, त्यामुळे अंधाऱ्या रात्री हव्यात. पौर्णिमेच्या आसपास चंद्रच इतका प्रकाश देतो, की दिव्याकडे मासे फिरकत नाहीत, होड्या काठालाच राहतात. “म्हणजे अमावास्येला पोचायला हवं,” ती म्हणाली. नवऱ्यानं खुशीत तारखा मोजल्या आणि निघायचा दिवस सांगितला. तिनंही बोटांवर काहीतरी मोजलं. “नाही जमणार,” ती म्हणाली. “माझी दोरी पौर्णिमेला बांधलीय. ती त्याच अमावास्येला कापायची आहे.”

त्यावर बराच खल झाला. नवऱ्याचं म्हणणं, शेवाळ बिबी कापतीलच. तिचं म्हणणं, गाठी तिच्या आहेत. धाकट्याला दोन्ही हवं होतं. मग तिनंच तोडगा काढला: अमावास्येच्या उधाणाला दोरी कापायची, ओझं बिबींच्या अंगणात टाकायचं, तीन दिवस परतून वाळवायचं आणि मग निघायचं, शुद्ध पक्षाच्या सुरुवातीला चंद्र लवकर मावळतो, त्यामुळे मलावीला पोचेपर्यंतसुद्धा मध्यरात्रीनंतर अंधार मिळेलच. नवऱ्यानं पारपत्र काढून व्हिसाचा शिक्का बघितला. ९० दिवसांचा. आम्ही दोघांनी दोन-दोनदा मोजून पाहिलं. बसतंय.